तळ्याकाठचा कासरा

“परातीत कोण बुडतंय का बे?” अण्णा म्हणाले आणि गोठ्याच्या पलीकडं चहा पीत बसलेली माणसं हसली. गोठ्याच्या अलीकडं, कडब्याच्या गंजीआड, मोठीआई माझी वेणी पिळत होती. कितीही पिळली तरी वेणीतनं पाणी निघतच होतं. माझे दात वाजत होते, आणि तो आवाज पलीकडं जाऊ नये म्हणून मी ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. ओढणीला शेवाळाचा वास होता. पलीकडच्या कुणीतरी नव्या शेततळ्याला जाळीचं कुंपण करणार का, असं विचारलं होतं आणि त्याला अण्णांनी हे उत्तर दिलं होतं. ते पुढं म्हणाले, “विहीर आसती तर गोष्ट येगळी. हे तळं म्हणजे परात हाय, परात. चारी बाजूनं उतार. पोरगं घसरलं तर चालत वर यील. आमी विहिरीत उड्या मारून मोठं झालोत, आन् ह्या डबक्याला जाळी लावू व्हय?” पुन्हा हसणं झालं, कपबश्या वाजल्या. त्याच परातीतून मला नुकतंच वर काढलेलं होतं. मोठीआईनं पदराच्या टोकानं माझा चेहरा पुसला आणि ओठांवर बोट ठेवलं.

अण्णा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ, आणि मोठीआई त्यांची बायको, माझी चुलती. तेलगावच्या पुढं आमचं शिवार आहे, ऊस आणि कापसाचं. अण्णा कधीकाळी सरपंच होते. पद गेलं तरी लोकांच्या तोंडून सरपंच गेलं नाही. पप्पा बीडला नोकरीला, म्हणून आम्ही बीडला राहायचो आणि सुट्ट्यांना शेतावर यायचो. मला इंग्लिश मीडियमला घालायचं अण्णांनीच ठरवलं होतं. पप्पांना ते झेपेल असं वाटत नव्हतं, पण अण्णांपुढं पप्पा कधी बोलले नाहीत; अजूनही अण्णा खुर्चीत असले तर पप्पा सतरंजीवर बसतात. घरी पाहुणे आले की अण्णा मला हाक मारायचे, “मनू, इकडं ये. ह्यांना इंग्लिशमधी सांग की तू काय शिकायलीस.” मी सांगायचे. पाहुणे मान डोलवायचे, आणि अण्णांच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा तो बघून मला त्यांचा राग यायचा नाही. चुलतभावंडं मात्र मला इंग्लिश मॅडम म्हणायची. मी कमी बोलायचे, त्याला घरात सगळे शिष्टपणा समजायचे. खरी गोष्ट एवढीच होती की मला माझ्या मराठीची भीती वाटायची. तोंड उघडलं की वाक्य पाठ्यपुस्तकातल्यासारखं निघायचं आणि कुणीतरी त्याची नक्कल करायचं. मग मी बघत बसायचे. बोलत नसलेल्या माणसाला घर पुष्कळ दिसतं.

त्या दिवाळीत शेतातलं घर माणसांनी भरलेलं होतं. सकाळी जाग यायची ती मोटारीच्या घरघरीनं आणि मोठीआईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. दिवाळी असली तरी न्याहारीला भाकरीच लागायची, ज्वारीची, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल. करंज्या, चकल्या डब्यात भरून माळ्यावर ठेवलेल्या असायच्या, आणि लहान मुलं एकमेकांच्या खांद्यावर चढून तो डबा गाठायची. दुपारी येसराची आमटी रटरटायची, तिच्या वासानं झोप उडायची. पोरं दिवसभर बाहेर. चिंचेला झोका, त्याच्या फळीवर दोघी समोरासमोर उभ्या राहून घेतलेले हिंदोळे, शेणानं सारवलेल्या अंगणात लगोरी, उसाच्या बांधावर लपाछपी. आणि या सगळ्यात नवा आवाज होता तो प्लॅस्टिकच्या फडफडीचा. शेततळं नुकतंच झालं होतं. खणलेल्या खड्ड्यावर काळा जाड कागद अंथरलेला, त्याच्या कडा बांधावर मातीत दाबलेल्या. जिथं माती सरकली होती तिथं वाऱ्यानं कडा फडफडायच्या. विहिरीचं पाणी सोडून तळं काठोकाठ भरलं होतं. दुपारच्या उन्हात ते इतकं निळं दिसायचं की सगळे त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढायचे.

विशालदादा, अण्णांचा मुलगा, पुण्याची नोकरी सोडून परत आला होता. त्याला शेतावर कृषी पर्यटन सुरू करायचं होतं. बीडची, माजलगावची कुटुंबं सुट्टीच्या दिवशी यावीत, पोरांनी मोबाईल घरी ठेवून मातीत खेळावं, बैलगाडीतून चक्कर मारावी, झाडाखाली पंगतीला बसावं आणि तळ्यात डुंबावं. “आपल्याला जे फुकटात मिळालं ते ह्या पोरांना बघायला बी मिळत न्हाई,” असं तो म्हणायचा, आणि मला ते मनापासून पटायचं. मी बीडच्या ज्या गल्लीत वाढले तिथं खेळायला दोन गाड्यांमधली जागा होती. शेतावर आले की माझे स्वतःचे पाय मला वेगळे वाटायचे. म्हणून दादानं जेव्हा फलकाचा मजकूर माझ्याकडं मागितला तेव्हा मी आनंदानं लिहून दिला. मराठीत लिहिलं, ‘मुलांसाठी आणि संपूर्ण कुटुंबासाठी सुरक्षित मौजमजा’. खाली इंग्रजीत तेच. पेंटरनं ते हिरव्या अक्षरांत काढलं, बाजूला तळ्यात पोहणारी दोन मुलं आणि एक बदक. आमच्याकडं बदक नव्हतं.

विहिरीबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या घरातला सगळा आत्मविश्वास विहिरीतून आलेला आहे. अण्णा, पप्पा, दादा, सगळे तिथंच पोहायला शिकले. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा आणि वरून ढकलून द्यायचं. पोरगं नाकातोंडात पाणी जाऊन कासावीस झालं की कुणीतरी त्याला पायरीपाशी लोटायचं. दगडी पायऱ्या, भिंतीतले कोनाडे, पिंपळाची मुळी. हाताला काही ना काही लागायचंच. पुरुष जेवायला गेले की दुपारी बाया उतरायच्या, आणि मोठीआई त्यांच्यात अशी पोहायची की सासरी आल्यावर पहिल्या वर्षी तिला सासूनं त्यावरून बोल लावला होता. मी शिकले नाही. मी शहरातून आलेली, मला कुणी ढकललं नाही. तर या घराला पाणी म्हणजे पायरी असलेलं पाणी माहीत होतं. पायरी नसलेलं पाणी कसं असतं, ते कुणाला ठाऊकच नव्हतं. आणि विहीर खोल, तळं उथळ. खोल पाण्यात निभावलं तर उथळ पाण्यात काय होणार, असा साधा हिशेब होता. नवं पाणी आल्यावर मोठीआईनं खणानारळानं त्याची ओटी भरली होती. म्हणजे पाणी आता घरचं झालं होतं.

त्या दुपारी बाया चकल्या पाडत होत्या आणि मी बांधावर पुस्तक घेऊन बसले होते. शेजारी परी, विशालदादाची मुलगी, तेव्हा पहिलीत, लाल चेंडू खेळत होती. चेंडू निसटला, प्लॅस्टिकवरून घरंगळत गेला आणि पाण्याच्या कडेला डुलत राहिला. परी लगेच बसून घसरायला लागली, बागेतल्या घसरगुंडीवर बसावं तशी. मी तिचा फ्रॉक धरून तिला मागं ओढलं, म्हटलं थांब, मी आणते. चपला काढल्या. वरचा कागद कोरडा होता, उन्हानं तापलेला. तळव्यांना चटका बसत होता. पुढचं पाऊल पाण्याच्या रेषेवर पडलं आणि पाय माझा राहिला नाही. मी पाठीवर पडले आणि गळ्यापर्यंत पाण्यात गेले. पायाखाली तळ होता, पण तो तळही उतारच होता आणि मला आणखी आत नेत होता. मी हात टेकले, हात घसरले. नखं रोवली, नखांत हिरवं शेवाळ आलं. गुडघ्यांवर थोडी वर सरकायचे आणि तेवढीच मागं यायचे. तळं मला ओढत नव्हतं. ते फक्त कुठं धरू देत नव्हतं.

आणि मी ओरडले नाही. गोठ्यापाशी पुरुष बसलेले होते, त्यांची बोलणी मला ऐकू येत होती. माझे कपडे अंगाला चिकटले होते. माझ्या मनात खरोखर हे आलं की आता सगळे धावत येतील आणि मला अशा अवस्थेत बघतील, आणि दिवाळीभर तेच बोलत राहतील. पाणी हनुवटीला लागलं होतं आणि मी लाजत होते. आज मी कुठल्याही तलावावर, हॉटेलातल्या पोहण्याच्या टाकीवर गेले की आधी शिडी कुठं आहे ते बघते. मैत्रिणी हसतात. पण ती शिडी बघताना मला पाण्याची आठवण येत नाही, त्या गप्प राहण्याची येते.

परी मात्र लाजली नाही. ती मोठीआईला घेऊन आली. मोठीआईचे हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले होते. इतकी पट्टीची पोहणारी बाई, पण तिनं उडी मारली नाही. एकदा कागदाकडं बघितलं, एकदा माझ्या नखांकडं, आणि गोठ्याच्या मागच्या खुंटीवरचा बैलाचा कासरा ओढून आणला. बैलगाडी हाकताना धरायची ती लांब, घट्ट वळलेली दोरी. तिचं एक टोक बांधावर मोटारीसाठी रोवलेल्या लोखंडी खांबाला बांधलं आणि दुसरं माझ्याकडं फेकलं.

“कमरंला गुंडाळ. हाताला न्हाई, कमरंला,” ती हळू आवाजात म्हणाली. तीसुद्धा ओरडली नाही.

कडब्याआड माझे केस पिळून झाल्यावर ती म्हणाली, “ऐकलंस न्हवं ते काय म्हणायलेत? आत्ता तू आशी ओली जाऊन हुबी राहिलीस तर चार माणसात ह्यांची मान खाली. मग ह्यांना काई पटायचं न्हाई. मी सांगते ह्यांना, मपल्या पद्धतीनं.” ती अण्णांना ‘हे’ म्हणायची. परीला तिनं एक करंजी दिली आणि परीनं मोठ्या गंभीरपणे गप्प राहायचं कबूल केलं.

त्याच संध्याकाळी जेवताना मोठीआईनं विषय काढला. अण्णांच्या ताटात आमटी वाढता वाढता म्हणाली, “तळ्याला दोन बाजूनं दोऱ्या सोडाव्यात आन् भवती जाळी करावी, आसं वाटायलंय.”

“कावून?” अण्णांनी वर बघितलं. “कोण पडलंय का?”

वाढण्याचा चमचा भांड्यातच थांबला. मोठीआईनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, बोल असं काही नाही. पंगतीत पप्पा होते, दादा होता, आत्याची माणसं होती. मी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तो विरघळून तळाशी जाईपर्यंत बघत राहिले.

“न्हाई. आपलं म्हणलं,” मोठीआई म्हणाली.

“जाळी लावली की फोटोत कोंबड्याचं खुराडं दिसतंय, आई,” दादा म्हणाला आणि सगळे हसले. अण्णा म्हणाले, “बगू पुढं.” विषय संपला. पण कासरा खांबाला बांधलेला राहिला. मोठीआईनं तो सोडला नव्हता आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याचं टोक पाण्यात पडलेलं असायचं, ओलं, जड. रोज सकाळी दात घासायच्या निमित्तानं मी बांधावर जाऊन तो आहे ना ते बघायचे, मग चहा घ्यायचे. तो होता तोवर मला वाटत होतं की मी बोलले आहे. कासराच माझ्या वतीनं तिथं बोलत होता.

पाडव्याला उद्घाटन होतं. सकाळपासून स्पीकरवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. मंडपात खुर्च्या मांडल्या होत्या, चुलाणावर मोठं पातेलं चढलं होतं, धपाट्यांचा आणि फुटाणे भाजल्याचा वास पसरला होता. बीडहून गाड्या आल्या. नव्या कपड्यांतली मुलं गाडीतून उतरल्या उतरल्या चिंचेच्या झोक्याकडं पळाली, आणि एका मुलानं शेण बघून आईला आनंदानं हाक मारली. मला बरं वाटत होतं, खरंच बरं वाटत होतं. दादा इकडून तिकडं धावत होता, घामानं त्याचा कुर्ता पाठीला चिकटला होता. हे त्याचं पुण्याहून परत येणं होतं; हे फसलं तर तो परत जाणार होता आणि अण्णांची मान कायमची खाली जाणार होती. मी बांधावर गेले. खांबाला फुग्यांची कमान बांधलेली होती, पांढरे आणि हिरवे फुगे. कासरा नव्हता.

मोठीआई माझ्या मागोमाग आली होती, खणानारळाचं ताट घेऊन. तिनंही खांब बघितला आणि दादाला हाक मारली. “विशाल, हितला कासरा कुठंय रं?”

“आगं, गाडीला लावलाय. पाहुण्यांची गाडी काय नाडीनं हाकायची व्हय? लई शोधला, तर हितं लोंबकाळायलता.” त्यानं बोटानं दाखवलं. शिंगांना रंग दिलेली जोडी उभी होती, आणि तिच्या वेसणीतून तोच कासरा गेला होता, त्याला झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या.

“दुसरी दोरी बांध हितं. आत्ता बांध.”

“आई, कार्यक्रम झाला की बांधतो. दोरी बगून लोकं म्हणतेत, हितं कोण बुडतंय की काय.” आणि तो गेला, कारण आमदारसाहेबांचे कुणीतरी आले होते.

“ह्यांना सांगते,” मोठीआई म्हणाली. अण्णा फेटा बांधून पाहुण्यांच्या मधोमध उभे होते. ती ताट घेऊन तिकडं गेली, त्यांच्या मागं उभी राहिली, एकदा पुढं झाली. अण्णांनी मागं न बघताच हात केला, थांब म्हणून. ती थांबली. मी ते बघत होते, आणि मला पहिल्यांदा कळलं की मोठीआईची पद्धत इथपर्यंतच पोचते. तिथून पुढं त्या घरात तिच्यासाठी पायरी नव्हती.

फीत कापली, नारळ फुटला. मोठीआईनं पाण्याची पुन्हा ओटी भरली. हात लांब करून, काठापासून दूर उभी राहून. दादानं जाहीर केलं की आता बच्चेकंपनी तळ्यात उतरून उद्घाटन करणार, मोठ्यांनी बांधावरून फोटो काढावेत. मुलांनी शर्ट काढायला सुरुवात केली. कुणाच्या कमरेला रबरी ट्यूब होती, बहुतेकांच्या काहीच नव्हतं. ती बांधावर ओळीनं उभी राहिली, फुग्यांच्या कमानीखाली, एकमेकांना कोपरं मारत. परी सगळ्यात पुढं होती. तिच्या घराचं तळं, तिचा मान पहिला. ती माझ्याकडं बघत होती, आणि मला दिसलं की तिनं तो शब्द अजून जपला आहे. करंजी खाऊन गप्प राहायचं कबूल केलं होतं, म्हणून ती गप्प होती, आणि तिचे पाय कागदाच्या कडेवर आले होते.

“पण आधी,” दादा माईकवर म्हणाला, “आपली मनू, बीडच्या इंग्लिश मीडियमची, दोन शब्द इंग्लिशमधी बोलणार.” अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी शेजारच्या पाहुण्याच्या मांडीवर थाप मारली, बगा आता, अशी. माझ्या हातात माईक आला. दुसऱ्या हातात चिठ्ठी होती, तिच्यावर फलकावरचंच वाक्य होतं, सुरक्षित आणि मौजमजेचं, माझ्याच अक्षरात. मला ते पाठ होतं. स्पीकरमधून माझा श्वास सगळ्या शिवारात ऐकू जात होता.

त्यानंतर काय झालं ते आमच्या घरात वेगवेगळं सांगितलं जातं. अण्णा पुढच्या दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पप्पांनी त्या दिवशी घरी परतताना गाडीत माझा हात धरून ठेवला. आता तळ्याभोवती जाळी आहे, चारी बाजूंनी गाठी मारलेल्या दोऱ्या पाण्यात सोडल्या आहेत, आणि मुलं डुंबतात ती पलीकडं बांधलेल्या कमरेइतक्या टाकीत, पायऱ्या असलेल्या. दादा पाहुण्यांना जाळी कौतुकानं दाखवतो आणि ती स्वतःच्या डोक्यातून निघाल्यासारखं बोलतो. मी त्याला अडवत नाही. तिथला तो क्षण मात्र मला फारच लांबलेला आठवतो. पुढच्या रांगेत सतरंजीवर पप्पा, खुर्चीत अण्णा, त्यांच्या मागं रिकामं ताट घेतलेली मोठीआई, प्लॅस्टिकची फडफड, आणि एक मुलगा म्हणाला, “अगं बोल ना, लवकर!” परीनं एक पाय पुढं टाकला. मी चिठ्ठी खाली सोडली, आणि जे बाहेर आलं ते ना शाळेचं होतं ना पुस्तकाचं.

“परी, मागं हो. अण्णा, ही परात न्हाई. मी पडलते हिच्यात. मला वर येता आलं न्हाई. पोरं मागं घ्या.”